आधी कानात बसवा, मग आवाजाला नावं ठेवा

वायरचा नवा इयरफोन डब्यातून काढायचा, जसा आहे तसा कानात खुपसायचा, एखादं गाणं लावायचं आणि अर्ध्या मिनिटात 'यात बेसच नाही' म्हणून मोकळं व्हायचं, असं बहुतेकांचं होतं. दोष दरवेळी इयरफोनचाच असतो असं नाही. कानाच्या आत बसणारा इयरफोन हे अर्धंच यंत्र आहे, उरलेलं अर्धं आपल्या कानाची नळी. तिचं तोंड रबराने नीट बंद झालं नाही की खालचे स्वर फटीतून निसटतात आणि दहा हजारांचा इयरफोनसुद्धा टिनपाट वाजतो. म्हणून पारखायचा क्रम असा ठेवा: आधी जोडणी, मग बैठक, मग आराम. आवाज शेवटी.

पिन आणि फोन

फोनचं कव्हर जाड असेल तर ३.५ मिमीची पिन शेवटपर्यंत आत जात नाही. अर्धवट बसलेल्या पिनची खूण ओळखायला सोपी आहे. गाण्यातला गायक गायब होतो, मागची वाद्यं आणि घुमणारा आवाज तेवढा पोकळ ऐकू येतो. पिनवरच्या अर्थच्या, म्हणजे दोन्ही बाजूंच्या परतीच्या सामाईक कड्याचा संपर्क तुटला की डाव्या-उजव्या आवाजातला फरकच काय तो कानात पोचतो, आणि गायक सहसा दोन्ही बाजूंना सारखाच मिसळलेला असल्यामुळे वजा होऊन जातो. कव्हर काढून पिन टक्कन आवाज येईपर्यंत दाबा.

कव्हर काढूनही तेच होत असेल आणि इयरफोन जुना, माइकवाला असेल, तर भानगड वेगळी असू शकते. चार कड्यांच्या पिनमध्ये माइक आणि अर्थ यांच्या जागा ठरवणाऱ्या दोन पद्धती आहेत, सीटीआयए आणि ओएमटीपी. हल्लीचे फोन जवळजवळ सगळे पहिल्या पद्धतीचे. माइकचं बटण दाबून धरल्यावर गायक परत आला तर पद्धतींचा मेळ बसत नाही एवढंच समजायचं. इयरफोन टाकून द्यायची गरज नाही, अदलाबदल करणारी छोटी वायर मिळते.

फोनला गोल भोक नसेल तर टाइप-सी कन्व्हर्टर लागतो. त्यात दोन जाती आहेत. एकात स्वतःचा डॅक, म्हणजे डिजिटल आवाजाचा विद्युत संकेत करणारी चिप, असतो आणि तो बहुतेक फोनवर चालतो. दुसऱ्यात नुसत्या तारा जोडलेल्या असतात, फोननेच टाइप-सीमधून तयार आवाज बाहेर दिला तर तो चालतो, नाहीतर शांतता. डॅकवाला घ्या.

इयरफोनच्या डब्यावर १६ किंवा ३२ ओहम असं लिहिलेलं असतं. हा त्याचा इम्पीडन्स, म्हणजे विजेच्या प्रवाहाला होणारा अडथळा. ज्यातून आवाज येतो त्या उपकरणाचा स्वतःचा अडथळा, म्हणजे आउटपुट इम्पीडन्स, याच्या एक अष्टमांशापेक्षा कमी असावा, म्हणजे १६ ओहमच्या इयरफोनला २ ओहमच्या आत. एकाच डायनॅमिक ड्रायव्हरच्या (पातळ पडदा हलवून आवाज काढणाऱ्या साध्या स्पीकरच्या) इयरफोनला हा नियम थोडा मोडला तरी फारसं बिघडत नाही. चार-पाच बॅलन्स्ड आर्मेचर (दुसऱ्या जातीचे चिमुकले स्पीकर) कोंबलेल्या इयरफोनला मात्र बिघडतं, कारण त्याचा इम्पीडन्स प्रत्येक स्वराला वेगळा असतो आणि जुनाट ॲम्प्लिफायरला लावल्यावर त्याचा सूरच बदलतो. असे इयरफोन संवेदनशीलही फार असतात. गाणं थांबवलं आणि मागे बारीक 'स्स्स' ऐकू येत राहिली, तर ती उपकरणाची आहे. लॅपटॉप चार्जरला लावल्यावरच गुणगुण येत असेल तर चार्जर काढून ऐका.

फोनमधलं इक्वलायझर, 'थ्रीडी', 'बेस बूस्ट', गाण्याच्या ॲपमधली आवाज समान करणारी सोय, सगळं बंद करा. पारखणी संपल्यावर हवं ते चालू करा, आता नको.

बैठक

डब्यात सहसा तीन मापांची रबरं येतात आणि मधलं आधीच चढवलेलं असतं. बहुतेक लोक ते कधी बदलतच नाहीत. दोन्ही कानांच्या नळ्या एकाच मापाच्या असतील असंही नाही. डाव्याला मधलं आणि उजव्याला मोठं बसणारी माणसं भरपूर आहेत. प्रत्येक कान स्वतंत्र तपासा.

घालायची रीत अशी. उजवा इयरफोन उजव्या हातात धरा. डावा हात डोक्यावरून नेऊन उजव्या कानाची वरची कड वर आणि किंचित मागे ओढा. कानाची नळी सरळ नसते, या ओढण्याने तिचा बाक कमी होतो. आता इयरफोन हलकेच फिरवत आत न्या आणि कान सोडा, म्हणजे नळी रबराभोवती बसते. फोमचं रबर असेल तर आधी बोटात वळून बारीक करा, पटकन आत घाला आणि ते फुगेपर्यंत २०-३० सेकंद बोटाने धरून ठेवा. धरलं नाही तर फुगताना ते इयरफोनलाच बाहेर ढकलतं.

नळी बंद झाली की नाही हे कळायला टोन वाजवणारं एखादं फुकट ॲप घ्या. आवाज कमी ठेवून ४० हर्ट्झचा सूर लावा. तो मुळातच मंद ऐकू येईल, घाबरू नका, इतक्या खालच्या स्वराला कान कमी दाद देतो. आता इयरफोन बोटाने जरासा आत दाबा. दाबल्यावर सूर एकदम फुगला आणि सोडल्यावर बसला तर फट आहे: रबर लहान आहे किंवा वाकडं बसलं आहे. दाबूनही फारसा फरक पडत नसेल तर बैठक जमली. मग तोच सूर लावून मूठभर चणे चावा, जांभई द्या, मान दोन्हीकडे वळवा. जबडा हलला की नळीचा आकार बदलतो, आणि शांत बसून घट्ट वाटणारं रबर तिसऱ्या चण्याला हवा सोडतं. तसं झालं तर एक माप मोठं घ्या किंवा फोम घ्या.

मोठं रबर घेतल्यावर उलटी अडचण येऊ शकते. ते आत पुरतं जातच नाही, दारातच अडकतं. दिसायला घट्ट, प्रत्यक्षात उथळ. अशा वेळी लहान रबर खोलवर नेणं जास्त उपयोगी पडतं. १९९१ साली आलेल्या एटिमोटिक ईआर-४ ची सगळी मदार याच खोल बैठकीवर होती. छत्रीसारख्या तीन कडांचं रबर थेट नळीच्या आतल्या भागात नेऊन बसवायचं. बाहेरचा गोंगाट त्याने फार कापला जातो, पण ते सहन होणं न होणं ज्याच्या-त्याच्या कानावर आहे.

घालताना पातळ कागद चुरगळल्यासारखा 'चुर्र' आवाज आला तर तो कानाच्या नव्हे, इयरफोनच्या पडद्याचा आहे. आत कोंडलेल्या हवेने ड्रायव्हरचा पातळ पडदा क्षणभर दबतो. एरवी त्याने काही बिघडत नाही, पण दाबल्यानंतर एका बाजूचा आवाज काही सेकंद बारीक राहत असेल तर तो नग बदलून घ्या. काढताना सरळ ओढू नका, फिरवत काढा. सरळ ओढल्याने कानाच्या पडद्याला ओढ बसते आणि रबर आत राहून जायची शक्यताही असते.

आराम घड्याळ लावून मोजा

दुकानात पाच मिनिटं कानात ठेवून आरामाबद्दल काहीही कळत नाही. तीन टप्पे ठेवा: पाच मिनिटं, अर्धा तास, दोन तास. प्रत्येक टप्प्यावर वेगळी गोष्ट बोलते.

पहिल्या पाच मिनिटांत टोचणं कळतं. इयरफोनची रबर चढवतात ती नळी जाड असेल, सहा मिमीच्या वर, तर कानाच्या भोकाच्या तोंडाशी सगळीकडून ताण जाणवतो. हा ताण सवयीने जात नाही. रबर बदलूनही फार कमी होत नाही, कारण जाडी नळीची आहे.

अर्ध्या तासाने कवच बोलू लागतं. भोकाभोवतीची जी खोलगट वाटी आहे तिच्यात इयरफोनचं कवच टेकतं. दुखतं ते बहुतेक वाटीच्या मागच्या कडेला किंवा भोकासमोरच्या छोट्या उंचवट्याच्या आतल्या बाजूला. इयरफोन काढून आरशात बघा, किंवा फोनने कानाचा फोटो काढा. लाल ठिपका उठला असेल तर कवच तिथे रुततंय. लांब रबर लावलं तर कवच वाटीपासून थोडं बाहेर सरकतं आणि रुतणं थांबतं, ही युक्ती आधी करून पाहा. नुसतीच सगळीकडे गुलाबी छटा असेल तर ती उष्णतेची; तिची चिंता नको.

दोन तासांनी दाब आणि खाज. कवचाला हवेचं बारीक छिद्र नसेल तर कान बंद बाटलीसारखा वाटायला लागतो. चालताना स्वतःच्या टाचा डोक्यात धप्‌ धप्‌ ऐकू येणं, स्वतःचं बोलणं मडक्यात तोंड घालून बोलल्यासारखं येणं, हे नळी बाहेरच्या मऊ भागात बंद झाल्याचं लक्षण. हाडांतून आलेला आवाज बाहेर जायला वाट उरत नाही. बैठक खोल केली की हे कमी होतं. ऑनलाइन मीटिंगसाठी इयरफोन घेणाऱ्याने ही परीक्षा टाळू नये, तासभर स्वतःचाच घुमणारा आवाज ऐकून डोकं दुखतं.

वायर कानामागून घ्यायच्या इयरफोनला चष्मा हा नेहमीचा प्रतिस्पर्धी. आधी वायर, तिच्यावरून चष्म्याची काडी, असं घालून बघा, मग उलट. जे कमी टोचेल ते ठेवा. कानाच्या वरच्या कडेला बुगडी किंवा भिकबाळी घालणाऱ्यांनी कानाभोवती वळवून ठेवायची, आत ताठ तार असलेली वायर सरळ टाळावी, ती अडकते. झोपून ऐकायचं असेल तर कुशीवर वळून पाहा. वाटीच्या पातळीबाहेर येणारं कवच उशीला टेकलं की रबर आत घुसतं आणि दोन मिनिटांत कान ठणकतो.

वायरचा आवाजही आरामातच मोजा. गाणं न लावता इयरफोन घाला आणि वायरवर नख फिरवा. 'खर्र' जितकी मोठी, तितकी ती शर्टाच्या बटणाला, ओढणीला, मंगळसूत्राला घासल्यावर सतावणार. कानामागून नेल्यास हा आवाज बराच मरतो, गळ्याजवळची सरकती गाठ वर घेतल्यास आणखी. कापडी वेष्टणाची वायर दिसायला छान, घासायला वाईट.

आता आवाज

दोन इयरफोनची तुलना करताना जो जास्त मोठा वाजतो तोच चांगला वाटतो. डेसिबलभराचा फरकही पुरतो, आणि तो 'मोठा' म्हणून न कळता 'मोकळा', 'स्वच्छ', 'दमदार' म्हणून कळतो. फोनच्या व्हॉल्यूमची एकेक पायरी बरीच मोठी असते, म्हणून बारीक फरक करणारं प्लेअर ॲप वापरा आणि दोन्ही इयरफोनवर पिंक नॉइज (सगळ्या पट्ट्या असलेला, एकसारखा सळसळणारा चाचणीचा आवाज) लावून मोठेपणा कानाने सारखा करून घ्या. शिवाय एकदा हळू आणि एकदा नेहमीच्या पट्टीत, असं दोनदा ऐका. आवाज कमी झाला की कानाला खालचे स्वर, आणि काहीसे अगदी वरचेही, कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलं आहे. रात्री हळू ऐकताना ज्याचा बेस बरोबर वाटतो तो दिवसा मोठ्याने ऐकताना जड वाटला तर नवल नाही.

सुरुवात माणसाच्या बोलण्यापासून करा, गाण्यापासून नको. कुणाचंही स्वच्छ ध्वनिमुद्रित मराठी वाचन किंवा बातम्या लावा. आपल्या भाषेत यासाठी एक आयतं हत्यार आहे: च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार. 'चमचा'तला च दातांमागून येतो, 'चहा'तला टाळूवरून. 'चोर' आणि 'चार', 'माझा' आणि 'माझी' ऐका. दातांमागच्या च-झ मधला सीत्कार वरच्या पट्टीत असतो, टाळूच्या उच्चाराचा त्याखाली. वरचे स्वर झाकलेल्या इयरफोनवर हे दोन्ही एकमेकांच्या जवळ सरकतात आणि निवेदक जरा बोबडा वाटायला लागतो. उलट ६ ते ९ हजार हर्ट्झला उंचवटा असेल तर प्रत्येक 'स' आणि 'चमचा'तला च सुईसारखा टोचतो. दहा मिनिटं सलग वाचन ऐकून कपाळाला आठी पडली नाही तर वरची पट्टी ठीक आहे.

निवेदक घशातून, बंद खोलीतून बोलतोय असं वाटलं तर साधारण ३,००० हर्ट्झच्या आसपास आवाज कमी पडतोय. उघड्या कानाची नळी नेमका तोच भाग नैसर्गिकरीत्या उंचावते. इयरफोनने ती बंद केल्यावर हा उंचवटा इयरफोनलाच द्यावा लागतो. कोणता स्वर किती मोठा वाजतो ते दाखवणाऱ्या इंटरनेटवरच्या आलेखांमध्ये सगळ्या चांगल्या इयरफोनच्या रेषेला ३,००० जवळ टेकडी दिसते ती यामुळे. तो दोष समजू नका. त्याच आलेखांचा ८,००० च्या पुढचा भाग मात्र मनावर घेऊ नका. तिथे मोजणाऱ्या कृत्रिम कानाचा आणि बैठकीच्या खोलीचा परिणाम इतका असतो की तुमच्या कानात तेच शिखर भलत्याच जागी निघेल. हे स्वतः पडताळता येतं. ५,००० पासून १०,००० पर्यंत हळूहळू चढणारा सूर अगदी कमी आवाजात लावा, कुठे टोचतं ते बघा, मग इयरफोन थोडा आत सरकवून पुन्हा लावा. टोचणारी जागा वर सरकलेली असेल. म्हणजे काही वेळा 'फार तिखट आहे' ही तक्रार दोन मिमी आत ढकलून मिटते.

मग तबला. उजव्यावरचा 'ना' चाटेवर, म्हणजे कडेच्या पट्टीवर, वाजतो तेव्हा बोटाची टिचकी आणि मागोमाग सूर, असं दोन्ही यायला हवं. शाईमुळे, म्हणजे कातड्यावरच्या काळ्या लेपामुळे, या वाद्याचे उपस्वर मूळ सुराच्या पटीत येतात, इतर चर्मवाद्यांसारखे विस्कटलेले नसतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये दाखवलं होतं. तबला 'लागतो' तो त्यामुळे. नुसती टकटक आली आणि सूर लागलेला कळला नाही तर वरचा भाग भडक आणि मधला रोडावलेला आहे. डग्ग्यावर मनगट सरकवून घेतलेला 'घे' तर बेसची खरी परीक्षा. त्यातला घुमार एका सुरावरून दुसऱ्यावर चढतो. चढ स्पष्ट ऐकू आला तर बेस बांधीव. सगळे 'घे' एकाच सुरात 'ढब ढब' पडत असतील तर बेस भरपूर आहे पण सैल आहे, आणि भरपूर बेस दुकानात फार लवकर आवडतो.

तानपुऱ्याने मात्र बैठक तपासू नका. काळी एक या पट्टीत लावलेल्या तानपुऱ्याची खर्जाची तार साधारण ६९ हर्ट्झवर असते, पण जवारीमुळे, म्हणजे घोडीला घासत कंपणाऱ्या तारेच्या झणकारामुळे, तिचे वरचे उपस्वर इतके भरघोस असतात की मूळ स्वर फटीतून पार निसटला तरी मेंदू तो भरून काढतो आणि खर्ज ऐकू येतोय असंच वाटतं. जवारी कामाला येते ती बारकावे बघायला. जोडीच्या दोन तारांची जवारी वेगवेगळी उलगडत जाते की एकच भुणभुण होते, ते ऐका.

ढोल-ताशाही चांगला, स्टुडिओत ध्वनिमुद्रित केलेला असेल तर. ताशाची कडकड ढोलाच्या ठोक्याखाली बुडू नये. मिरवणुकीत फोनवर घेतलेलं रेकॉर्डिंग यासाठी बाद, त्यात माइकच फाटलेला असतो.

दोन्ही बाजूंचा समतोल बघायला फोनच्या ॲक्सेसिबिलिटीमध्ये जाऊन मोनो आवाज चालू करा आणि एकट्या गायकाचं काहीतरी लावा. गायक बरोबर कपाळाच्या मध्यावर यायला हवा. एका बाजूला झुकत असेल तर आधी रबर पुन्हा बसवा. तरी झुकत असेल तर दोन्ही इयरफोन उलट कानांत घाला. कल बाजू बदलून गेला तर दोष इयरफोनचा किंवा वायरचा, तिथेच राहिला तर कानाचा, आणि कानात मळ साठणं हे त्याचं अगदी साधं कारण असतं. तो डॉक्टरांकडून काढून घ्या. काडी किंवा हेअरपिन आत घालून तो आणखी आत जातो. शेवटी २० ते २०० हर्ट्झचा चढता सूर मध्यम आवाजात एकदा चालवा. एका बाजूला मधेच बारीक खरखर आली तर ड्रायव्हरच्या पडद्याला केस किंवा कण टेकतोय.

हे सगळं शांत खोलीत झालं, की तोच इयरफोन लोकलमध्ये किंवा एसटीत लावून बघा. चाकांची घरघर बेसवरच चढून बसते, आणि हात आपोआप व्हॉल्यूमकडे जातो. जागतिक आरोग्य संघटनेची मोठ्या माणसांसाठीची मर्यादा आठवड्याला ८० डेसिबलने ४० तास अशी आहे. प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे ८६ ला दहाच तास. घरच्यापेक्षा प्रवासात व्हॉल्यूम चार-पाच पायऱ्या वर न्यावी लागत असेल, तर तुमच्या कामासाठी त्या इयरफोनची बैठक पुरेशी नाही. फोमचं रबर लावून पुन्हा मोजा.

परत द्यायची मुदत संपायच्या आत

उघडलेले इयरफोन स्वच्छतेच्या कारणावरून परत घेणार नाही, अशी अट पुष्कळदा असते. ती घेण्याआधी वाचा. वायर पिनजवळ आणि कवचाजवळ हलकी वाकवत गाणं ऐका, आवाज तुटला तर तिथली तार आतून गेली आहे. वायर सुटी होणारी असेल तर दोन पिनांची ०.७८ मिमीची जोडणी आहे की एमएमसीएक्स (गोल, खटकन बसणारी जोडणी), ते बघून ठेवा. एमएमसीएक्सची जोडणी फिरते आणि जुनी झाली की फिरताना कुरकुरते.

महिना-दोन महिन्यांनी एका बाजूचा आवाज बसल्यासारखा झाला तर कवच उघडायच्या आधी इयरफोनच्या नळीची जाळी उजेडात धरा. बहुतेक वेळा तिथे मळ असतो. इयरफोनचं तोंड जमिनीकडे धरून कोरड्या मऊ ब्रशने झाडा, म्हणजे कचरा आत न जाता खाली पडतो. रबरं काढून साबणाच्या पाण्याने धुवा आणि पूर्ण सुकल्यावरच चढवा. पावसाळ्यात डबीत सिलिका जेलची एक पुडी टाकून ठेवा.